अंगणातले लिंबू आणि हिवाळ्याची थंडी

बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या वस्तीत जा. कुणाच्या नावावर शेती असेल वा नसेल, घरापुढे किंवा मागे एखादे तरी फळझाड दिसतेच. मोरीच्या पाण्यावर वाढलेली केळ, भिंतीलगतची पपई, दाराशी लिंबू, कोपऱ्यात कढीपत्ता. हे झाड कुणी हौसेखातर लावलेले नसते. उन्हाळ्यात बाजारात लिंबाचा भाव चढतो तेव्हा दारचे लिंबू घरखर्चाला आधार देते. आजारी माणसाला पपई, लहान मुलाला केळे, मजुरीवरून आलेल्या माणसाला लिंबाचे पाणी, हे सारे त्या चार हात जागेतून मिळते.

या झाडाला पाणी घालण्याचे काम बहुतेक घरांत बाईच करते. बियांपासून लावलेले लिंबू फळावर यायला चार-पाच वर्षे लागतात. उन्हाळ्यात नळाला पाणी नसते, तेव्हाही ती एक घागर झाडासाठी राखून ठेवते. इतके करूनही हिवाळ्यातल्या दोन-चार कडक रात्रींत झाड करपले, तर नुसते झाड जात नाही. त्या घरची चार वर्षांची मेहनत जाते. म्हणून फळझाड आणि थंडी यांचा संबंध नीट समजून घेणे गरजेचे आहे.

पुष्कळांची अशी समजूत असते की थंडी ही सगळ्याच झाडांची वैरी. हे खरे नाही. केळी आणि पपई यांना थंडी बाधते, पण लिंबू, संत्रा, मोसंबी यांना ती ठरावीक मर्यादेपर्यंत हवी असते. थंडीमुळेच त्यांना फुले येतात आणि फळाला रंग चढतो. तेव्हा थंडी किती आहे एवढेच पाहून चालत नाही. ती आपल्या अंगणात कुठे साचते आणि कोणत्या झाडाला ती मानवते, हे पाहून झाड लावले तर नुकसान टळते.

घाटावर आणि घाटाखाली

आपल्या जिल्ह्याचे तेरा तालुके आपण बोलताना दोन भागांत वाटतो. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हा घाटावरचा भाग. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा घाटाखालचा. मोताळ्याहून राजूर घाट चढून बुलढाण्याला आले की हवेतला फरक अंगाला जाणवतो. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. खालचे मलकापूर त्याच्यापेक्षा तीनशे मीटरहून अधिक खाली आहे. साधारण हजार मीटर उंच गेले की हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. त्या हिशेबाने घाटावर दिवसाचे तापमान दोन-एक अंशांनी कमी राहते. उन्हाळ्यात हा फरक फार सुखाचा वाटतो. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडातील साहेब लोक बुलढाण्याच्या हवेवर खूश असत, ते याच कारणाने.

हिवाळ्याच्या रात्रीचा हिशेब मात्र वेगळा आहे. आकाश निरभ्र असते आणि वारा पडलेला असतो, अशा रात्री जमीन आपली ऊब वर सोडून देते. जमिनीलगतची हवा गार होते. गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने खाली वाहते आणि खोलगट जागेत साचून राहते. त्यामुळे टेकडीच्या उतारावरचे झाड सुखरूप राहते आणि त्याच गावात नाल्याकाठच्या झाडाची पाने करपतात. महाबळेश्वरला हे दरवर्षी दिसते. वेण्णा तलावाच्या काठी खोलगट भागात दव गोठून गवत पांढरे होते, तेव्हा तेथून जवळच, उंचावरच्या बाजारपेठेत तसे काहीच झालेले नसते. घाटाखालच्या पूर्णेच्या खोऱ्यातही अशाच कारणाने हिवाळ्याच्या पहाटे चांगल्याच गार असतात. म्हणून 'आम्ही घाटाखाली राहतो, आम्हाला थंडीची भीती नाही' असे कुणी समजू नये.

आपल्या अंगणापुरती याची पाहणी करणे सोपे आहे. डिसेंबरातल्या दोन-तीन पहाटे उठून पाहा. दव कुठे सर्वांत जास्त पडते, धूर कुठे जमिनीलगत रेंगाळतो, उन्हाचा पहिला किरण कुठे येतो, हे ध्यानात ठेवा. जिथे दव व धूर साचतो ती जागा केळी-पपईला वाईट. घराच्या पूर्व किंवा दक्षिण भिंतीलगतची जागा चांगली. दगडाची किंवा विटांची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडते. भिंतीपासून चार-पाच हात अंतर ठेवून झाड लावले तर मुळांना जागाही मिळते आणि झाडाला ऊबही.

लिंबू-संत्र्याला थंडी का हवी?

लिंबू, संत्रा, मोसंबी, ईडलिंबू ही सारी एका कुळातली झाडे. आपला कढीपत्ता, बेल आणि कवठ हेही त्याच कुळातले. हवा साधारण २५ ते ३० अंश असली की ही झाडे जोमाने वाढतात. पारा १३ अंशांच्या खाली गेला की त्यांची वाढ थांबते. झाड मरत नाही, नुसती विश्रांती घेते. या विश्रांतीच्या काळात झाडाच्या फांद्यांत अन्न साठते आणि पुढे त्याच्यातूनच कळ्या फुटतात.

डिसेंबर-जानेवारीच्या थंडीनंतर येणाऱ्या या फुलांना बागायतदार आंबिया बहार म्हणतात, कारण आंब्याला मोहोर येतो त्याच सुमारास तो फुटतो. या बहाराची संत्री सप्टेंबर-ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत मिळतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला येणारा तो मृग बहार. त्याची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात. तिसरा हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. कागदी लिंबाच्या दृष्टीने तो सर्वांत मोलाचा, कारण त्याची फळे ऐन उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यांत हाती येतात. मात्र हा बहार धरणे अवघड असते. त्या दिवसांत पाऊस असतो आणि झाडाला तहान लावता येत नाही.

तहान लावणे म्हणजेच बागायतदाराच्या भाषेत 'ताण देणे'. आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडतात. हलक्या जमिनीत महिनाभर आणि भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने ताण लागतो. पाने मलूल होतात, थोडी गळतात. मग जानेवारीच्या मध्यावर आळे हलके खणून, शेणखत घालून, पहिले पाणी बेताचे द्यायचे आणि पुढे हळूहळू वाढवत न्यायचे. दाराशी एकच लिंबाचे झाड असले तरी हे करता येते. आपल्याकडे बऱ्याच घरी झाड भरपूर वाढते, हिरवेगार दिसते, पण फळ धरत नाही. त्याचे एक कारण असे असते की मोरीचे पाणी बारा महिने त्याच्या बुंध्याशी वाहते. त्याला विश्रांती अशी मिळतच नाही. तीन-चार आठवडे ते पाणी दुसरीकडे वळवून पाहावे. हा ताण फक्त वाढलेल्या, चार वर्षांवरच्या झाडाला द्यावा. लहान रोपाला कधीही देऊ नये.

रंगाचेही तसेच आहे. ज्या प्रदेशात रात्रीही उकाडा असतो तिथे संत्रे आतून पिकले तरी साल हिरवीच राहते. रात्री गार झाल्या की सालीतला हिरवा रंग ओसरतो आणि नारिंगी उघडा पडतो. म्हणून हिरव्या सालीचे संत्रे आंबटच असेल असे नाही, आणि पिवळे झालेले गोडच असेल असेही नाही.

नागपुरी संत्रा मूळचा नागपूरचा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस राजे रघुजी भोसले यांनी तो औरंगाबादहून नागपूरला आणला असे सांगितले जाते. तेथून तो अमरावती जिल्ह्यात वरूड-मोर्शीकडे पसरला. आपल्या जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याला संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा या तालुक्यांना लागून जालना जिल्हा आहे, तो मोसंबीसाठी प्रसिद्ध. नागपुरी संत्र्याला २०१४ साली आणि जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

केळीचा 'चरका'

केळीचे तसे नाही. ती उष्ण आणि दमट मुलखाची रहिवासी. हवा १६ अंशांखाली गेली की तिची वाढ मंदावते आणि १०-१२ अंशांच्या खाली तिला इजा होऊ लागते. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, मुक्ताईनगरकडे केळीच्या मोठ्या बागा आहेत. तिकडचे शेतकरी या इजेला 'चरका' म्हणतात. चरका बसला की पाने पिवळी पडून कडा करपतात, नवे पान उमलायला दुप्पट वेळ लागतो. घड बाहेर पडण्याच्या वेळी थंडी आली तर तो खोडातच अडकतो किंवा वेडावाकडा निसवतो. फळाच्या सालीतल्या शिरा काळपट होतात आणि पिकल्यावर चमक येत नाही. हिरवी किंवा नुकती पिकू लागलेली केळी फ्रिजमध्ये ठेवली की साल काळी पडते, त्याचे कारणही हेच.

घरची एक-दोन केळी असतील तर लागवडीची वेळ सांभाळावी. जून-जुलैत लावलेली केळ हिवाळा येईपर्यंत कमरेच्या वर जाते आणि थंडी सोसते. ऑक्टोबरात लावलेली केळ कोवळ्या वयात थंडीत सापडते. शेतकरी या लागवडीला 'कांदे बाग' म्हणतात आणि तिची हिवाळ्यात जास्त निगा राखतात. हिवाळ्यात केळीची हिरवी पाने कापू नयेत. सणावाराला चार पाने लागतात हे खरे, पण थंडीत तीच पाने घडाचे पांघरूण असतात. घड निसवला असेल तर जुन्या सुती लुगड्याने किंवा मोकळ्या विणीच्या पोत्याने तो झाकावा.

पपई तर केळीपेक्षाही नाजूक. तिचे खोड पोकळ, पाणीदार. कडक थंडीत शेंडा करपला की झाड बहुधा हातचे जाते. नुसती बेताची थंडी असली तरी फळ पिकायला उशीर लागतो आणि गोडी कमी होते. पपई फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा जूनमध्ये लावावी. एका खड्ड्यात दोन-तीन रोपे ठेवावीत, कारण पुष्कळ पपयांत नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि फुले येईपर्यंत ओळखता येत नाहीत. फुले आल्यावर लांब तुऱ्यांची नर झाडे काढावीत. आठ-दहा मादी झाडांमागे एक नर पुरतो. बुंध्याशी पाणी मात्र कधीही साचू देऊ नये.

ज्यांना इतकी राखण जमणार नाही त्यांनी पेरू किंवा सीताफळ लावावे. पेरू बेताची थंडी सहज सोसतो. सीताफळ तर हिवाळ्यात पाने गाळून स्वस्थ उभे राहते. अजिंठ्याच्या डोंगरउतारांवर ते आपसूक वाढते, त्याला खडकाळ मुरूमही चालतो.

रोप घेताना फसू नये

कागदी लिंबू बियांपासून लावता येते आणि ते बहुधा आईसारखेच निपजते. त्याचे कारण असे की लिंबाच्या एका बीतून दोन-तीन कोंब येतात, आणि त्यांतले जोमदार कोंब आईच्याच पेशींपासून झालेले असतात. म्हणून भरपूर फळणाऱ्या निरोगी झाडाचे पिकलेले लिंबू घ्यावे. बी धुऊन सावलीत सुकवावी आणि लगेच लावावी. बी फार दिवस ठेवली की उगवत नाही. उगवल्यावर मरतुकडे कोंब काढून टाकावेत. याला पैसा लागत नाही. शिवाय साई सरबती, फुले सरबती, विक्रम, प्रमालिनी अशा निवडक जाती कृषी विद्यापीठांनी दिल्या आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानेही विदर्भासाठी लिंबाच्या जाती काढल्या आहेत.

संत्रा आणि मोसंबी मात्र कलमाचीच घ्यावी. खालचे झाड जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचे असते आणि त्यावर संत्र्याचा डोळा बांधतात. डोळा जमिनीपासून किमान वीतभर उंच असावा. तो जमिनीलगत असला तर पावसाळ्यात कुजतो. लावल्यावरही जोड मातीत गाडू नये. कलम खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. कलम चांगले की वाईट हे चार-पाच वर्षांनी कळते, तेव्हा दाद मागायला हातात कागद लागतो. जोडाच्या खालून फुटणारे कोंब वेळच्या वेळी काढावेत, नाहीतर संत्रा बसतो आणि काटेरी जंबेरी माजते.

खड्डा दोन-अडीच फूट लांब, रुंद व खोल घ्यावा. तो उन्हाळ्यात तापू द्यावा आणि पहिल्या पावसानंतर माती व कुजलेले शेणखत भरून रोप लावावे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी मोठा डबा किंवा ड्रम घ्यावा, तळाला पाच-सहा भोके पाडावीत आणि खाली विटांचे तुकडे घालावेत. ड्रमातले लिंबू हिवाळ्यात उचलून भिंतीच्या आडोशाला नेता येते. युरोपात राजेरजवाड्यांनी संत्र्याची झाडे लाकडी पेट्यांत लावून हिवाळ्यात काचेच्या खिडक्यांच्या दालनांत हलवण्याची रीत पाडली होती. व्हर्सायच्या राजवाड्यात असे भव्य दालन आजही आहे. आपल्याकडे एवढ्या थाटाची गरज नाही. ड्रम उन्हाच्या भिंतीशी सरकवला तरी आपल्या थंडीला तेवढे पुरते.

थंडीच्या रात्री काय करावे?

थंडीची लाट येणार असे रेडिओवर किंवा मोबाइलवर कळले की पुढील कामे करावीत.

पहिले, संध्याकाळी झाडाला बेताचे पाणी द्यावे. ओली जमीन दिवसा ऊब जास्त धरते आणि रात्री सोडते. विहिरीचे पाणीही हिवाळ्यात हवेपेक्षा कोमट असते. ज्या झाडाला बहारासाठी ताण दिलेला आहे त्याला मात्र हे पाणी देऊ नये. मोठे लिंबू-संत्रा आपल्याकडची थंडी सोसते.

दुसरे, पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या रोपाला तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा आडोसा करावा. तीन बाजू आणि वरून झाकावे, पूर्वेची बाजू सकाळच्या उन्हासाठी उघडी ठेवावी. प्लास्टिकचा कागद थेट पानांना टेकवू नये. पाने जिथे टेकतात तिथेच आधी करपतात.

तिसरे, वारा येतो त्या बाजूला शेवरी, हादगा किंवा शेवगा लावावा. त्याने केळीची पाने फाटत नाहीत, आणि शेवग्याची भाजी मिळते ती वेगळीच. मात्र उताराच्या खालच्या बाजूला दाट कुंपण करू नये. गार हवा वाहून जायला वाट हवी, नाहीतर ती बागेतच तुंबते.

चौथे, पहाटे पालापाचोळ्याची शेकोटी करतात. तिचा थोडा उपयोग होतो, पण वारा असेल तर काहीच होत नाही. टायर किंवा प्लास्टिक कधीही जाळू नये. झाड वाचवताना घरातल्या लेकरांच्या छातीत धूर भरण्यात काय शहाणपण?

पाचवे, ऑक्टोबर संपल्यावर रोपांना युरिया घालू नये. युरियाने कोवळी पालवी फुटते आणि थंडी आधी तिच्यावरच झडप घालते. याचा मोठा धडा अमेरिकेतील फ्लोरिडाला मिळाला. डिसेंबर १८९४ मध्ये तिथे कडाक्याची थंडी पडली. संत्र्यांची पाने व फळे गेली, पण झाडे जिवंत होती. पुढे जानेवारीत हवा उबदार झाली, झाडांत रस चढला, पालवी फुटली. आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये थंडीची दुसरी लाट आली तेव्हा ती रसरशीत झाडे बुंध्यापर्यंत मेली. कित्येक बागायतदार देशोधडीला लागले आणि पुढच्या बागा दक्षिणेकडे, उबदार भागात सरकल्या. विश्रांती घेणारे झाड थंडी सोसते, पालवी फुटलेले झाड सोसत नाही, हा त्याचा अर्थ.

सहावे, थंडीने करपलेली फांदी लगेच छाटू नये. वरून मेलेली दिसणारी फांदी पुष्कळदा आतून हिरवी असते. फेब्रुवारीच्या अखेरीस नवे फुटवे कुठून येतात ते पाहावे आणि मगच वाळलेला भाग काढावा.

अळी, खैऱ्या आणि डिंक्या

थंडीतून वाचलेले झाड रोगाने जाऊ नये, म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लहान अळी असते, ती पुढे हिरवी होते आणि पाने फस्त करते. ही सुंदर फुलपाखराची अळी. ती कढीपत्त्यावर आणि बेलावरही वाढते, म्हणून लिंबू पाहताना तीही झाडे तपासावीत. घरच्या एक-दोन झाडांवर औषध मारण्याची गरज नाही. मुलांना सांगून अळ्या हाताने वेचाव्यात.

पाने, फांद्या आणि फळांवर तपकिरी खरबरीत ठिपके येतात, तो खैऱ्या रोग. कागदी लिंबावर तो जास्त पडतो आणि पावसाच्या थेंबांनी पसरतो. पावसाळ्यापूर्वी रोगट फांद्या कापून जाळाव्यात.

बुंध्यातून डिंक वाहणे, साल कुजणे हा डिंक्या. पाणी बुंध्याला लागून राहते तेव्हा तो होतो. म्हणून आळे दुहेरी करावे: बुंध्याभोवती मातीचा लहान कडा आणि त्याच्या बाहेर पाण्याचे आळे. पावसाळ्याच्या आधी व नंतर बुंध्याला दोन-अडीच फुटांपर्यंत बोर्डो मलम लावावे. एका-दोन झाडांसाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना वेगवेगळे भिजवून एक लिटर पाण्यात एकत्र करावे. भांडे मातीचे किंवा प्लास्टिकचे घ्यावे, लोखंडाचे नको. मोरचूद विषारी आहे. ते भांडे पुन्हा स्वयंपाकात वापरू नये आणि पुडी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये.

ताटातले फळ

आपल्या घरांतील बायका-मुलींमध्ये अंगात रक्त कमी असण्याची तक्रार फार. पालेभाजी आणि वरणात लोह असते, पण ते अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत लागते. त्यासाठी जेवताना भाजीवर अर्धे लिंबू पिळावे. ते पातेले चुलीवर असताना पिळू नये, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व कमी होते. ताटात पिळणे सर्वांत चांगले. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर लोह अंगी लागण्यात अडथळा येतो, म्हणून चहा तासाभराने घ्यावा. पेरूमध्ये संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असते. पिकलेल्या पपईत डोळ्यांसाठी उपयोगी अ जीवनसत्त्व तयार करणारा पिवळा घटक असतो. दारात एक लिंबू, एक पेरू आणि एक पपई असली तर औषधाच्या दुकानातली पुष्कळ टॉनिके आणावी लागत नाहीत. रक्त फारच कमी असेल तर मात्र दवाखान्यात तपासून गोळ्या घ्याव्यात. लिंबू त्या गोळ्यांची जागा घेऊ शकत नाही.

अंगणातून शेताकडे

आपल्यातली कितीतरी माणसे दुसऱ्यांच्या संत्राबागेत फळे तोडायला, केळीच्या बागेत घड वाहायला जातात. बागेचे काम त्यांना मालकाइतकेच कळते, कमी पडते ती जमीन आणि पाणी. यासाठी राज्य सरकारच्या दोन योजना माहीत असाव्यात. २००४ साली सुरू झालेल्या कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद झाली. आधी निम्मी रक्कम कर्ज असे, २०१८ पासून पूर्ण अनुदान झाले. तिची चौकशी समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात करावी. दुसरी, २०१७ साली सुरू झालेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना. तीत अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्याला विहीर, पंप, ठिबक यांसाठी अनुदान मिळते. ती जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडे आहे. अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून जातीचा दाखला, सात-बारा, आठ-अ घेऊन स्वतः कार्यालयात जाऊन विचारावे; मधल्या माणसाला पैसे देऊ नयेत.

जमीन आणि पाणी असले तरी संत्रा लावण्यापूर्वी दोन्ही तपासून घ्यावे. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे असते आणि संत्रा-लिंबाला खार मुळीच सोसत नाही. पाणी न निथळणारी चोपण काळी जमीन किंवा चुनखडीची जमीनही त्यांना नको. खाली मुरूम असलेली मध्यम जमीन उत्तम. सहा मीटर अंतराने एकरी सुमारे ११० झाडे बसतात. पहिली तीन-चार वर्षे मधल्या पट्ट्यात मूग, उडीद, हरभरा, भाजीपाला घ्यावा. त्यातून झाडांचा खर्च निघतो.

आता या हिवाळ्यापुरते एवढे करावे. डिसेंबरात पहाटे अंगण पाहावे आणि थंडी कुठे साचते ते हेरावे. लिंबाच्या मोठ्या झाडाचे पाणी तोडावे, लहान रोपाला तुराट्यांचा आडोसा करावा. केळीची पाने राखावीत. चांगल्या लिंबाच्या दहा बिया उगवणीसाठी बाजूला काढाव्यात आणि दोन-तीन रोपे शेजारच्या घरीही द्यावीत. आणि झाडाला पाणी घालणे हे फक्त घरच्या बाईचेच काम आहे असे समजू नये. शाळेतून आलेल्या मुलाने आणि मजुरीवरून आलेल्या बापानेही रोज एक घागर घालावी.